पी.टी.च्या तासाची भिंत

शाळेत गणिताचा तास कुणी मागत नाही. विज्ञानाचा मागत नाही. पी.टी.चा तास मात्र सगळे मागतात. "मॅडम, आज तुमचा तास मी घेऊ का? पोर्शन राहिलाय." अठ्ठावीस वर्षं मी हे वाक्य ऐकलं. मागणाऱ्याला वाटायचं, ही बाई शिट्टी फुंकते, पोरांना मैदानाच्या दोन चकरा मारायला लावते आणि लिंबाखाली उभी राहते. हिचा एक तास घेतला तर हिचं काय जातं?

काय जातं ते मी चढ्या आवाजात सांगायची. मी रागीट आहे हे आधीच कबूल करते, कारण हा लेख वाचून माझ्याबरोबर काम केलेले लोक संपादकांना तेच कळवणार आहेत.

मी मूळची वैजापूरची. वडील तिथल्या मार्केट यार्डात मापाडी होते, म्हणजे शेतकऱ्याचा माल तोलून देणारा माणूस. शाळा सुटली की मी दप्तरासकट यार्डात. कांद्याच्या गोण्यांच्या थप्प्या माणसापेक्षा उंच असायच्या. त्यावर चढून बसायचं आणि खालचे सौदे ऐकायचे. तिथं मी दोन गोष्टी शिकले. एक चढणं आणि दुसरी घासाघीस. पहिला शब्द कधीच खरा नसतो. देणारा जास्त सांगतो, घेणारा कमी सांगतो, दोघांनाही ते ठाऊक असतं आणि मग दोघं मधे कुठंतरी भेटतात. नाही जमलं तर उठायचं आणि चालायला लागायचं, पण सावकाश. समोरच्याला गरज असेल तर तो हाक मारतोच. जो हाक न येता माघारी वळला, त्याचा भाव पडला.

घरात शिकलेलं कुणी नव्हतं, ओळखीपाळखी नव्हत्या. एवढ्या एका विद्येवर मी कॉलेज केलं, बी.पी.एड. केलं आणि संभाजीनगरच्या जुन्या वस्तीतल्या एका शाळेत पी.टी.ची बाई म्हणून चिकटले. मुलं मागून मला शिट्टीबाई म्हणायची. ते मला माहीत होतं.

भिंतीचं वेड मला एका शिबिरात लागलं. शिक्षकांसाठी दहा दिवसांचं प्रस्तरारोहणाचं शिबिर होतं. डोंगरावर उन्हात लटकायला शाळेतून कुणी तयार होईना, म्हणून मला पाठवलं. तिथं एक लाकडी भिंत होती, तिच्यावर रंगीत खुंट्यांसारखे होल्ड बसवलेले. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर. पस्तिशीतली, साडीवरून ट्रॅकपँटवर आलेली मी त्या भिंतीच्या माथ्यावर पोचले आणि खाली बघितलं. गोण्यांच्या थप्पीवर बसलेली आठ वर्षांची मी तिथं वर मला भेटली. खाली आले तेव्हा ठरलेलं होतं की आपल्या शाळेत ही भिंत पाहिजे.

मुख्याध्यापकांकडे गेले. आमचे सर शांत होते, पण "नाही" म्हणायची त्यांना फार हौस होती.

"सर, मागच्या मैदानात चाळीस फुटी भिंत उभी करायचीय. आणि नववीला आठवड्याला सहा तास हवेत."

"डोकं फिरलंय का मॅडम तुमचं? आपली शाळाच चाळीस फूट नाही."

"मग तीस करू."

"वीस. त्याच्या वर एक वीत नाही."

"आणि तास?"

"दोन. शेवटचे दोन. आणि दहावीला हात लावायचा नाही."

मी तोंड पाडून बाहेर आले आणि जिन्यात हसले. मला अठरा फूट आणि दोनच तास हवे होते.

वाळूजला एका पालकाचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. त्यांच्या मागे लागून लोखंडी सांगाडा करून घेतला. जाड प्लायवूड लावलं. विकतचे होल्ड थोडेच मिळाले. बाकीचे दगडाचे केले. खुलताबादच्या रस्त्यावर एक पाथरवट बसायचा. त्याच्याकडून मुठीएवढ्या दगडांना मधोमध भोक पाडून घेतलं आणि बोल्ट टाकून फळीवर आवळले. तो म्हातारा विचारायचा, "बाई, ह्या दगडाचं करता काय? पाटा नाय, वरवंटा नाय." मी म्हटलं, "पोरं टांगायचीत त्याला." त्यानं त्या दिवशी एक दगड फुकट दिला आणि पुन्हा काही विचारलं नाही.

मुलांनी त्या दगडांना नावं ठेवली. एक बटाटा, एक कान, एक दाढ. उजवीकडे वरच्या अंगाला एक गुळगुळीत, उतरता दगड होता, त्यावर कुणाचाच पाय टिकत नसे. त्याचं नाव साबण.

बाहेरच्या माणसाला वाटतं, भिंत हातांनी चढतात. तशी चढली तर दोन मिनिटांत दंड भरून येतात आणि बोटं आपोआप उघडतात. भिंत पायांनी चढायची. हात फक्त तोल धरायला. दोर वरच्या कडीतून फिरून खाली येतो आणि खालचा जोडीदार तो आपल्या पट्ट्यात अडकवून उभा राहतो. वरचा जसजसा चढेल तसतसा खालच्यानं दोर ओढून घ्यायचा, म्हणजे हात सुटला तरी वरचा जागच्या जागी लोंबकळतो, पडत नाही. चढण्याआधी वरच्यानं विचारायचं, "दोर?" खालच्यानं ओरडायचं, "धरला!" ते ऐकल्याशिवाय भिंतीला पाय लावायचा नाही. वर्गात एकमेकांचं डोकं फोडणारी पोरं इथं एकमेकांचा दोर धरून मान वर करून उभी राहायची. त्या दोन तासांत माझ्या मैदानावर जेवढी शिस्त असायची तेवढी प्रार्थनेलासुद्धा नसायची.

नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं यायची. ओंकार नावाचा नववीतला दांडगा पोरगा होता, वर्गाचा दादा. पहिल्याच दिवशी भराभर बारा फूट चढला आणि खाली बघितलं. झालं! चिकटला पालीसारखा.

"मॅडम, खाली घ्या मला."

"घेते. मागं टेकून बस, दोर सैल सोडते."

"मागं नाय बसणार. पडंन मी."

"मग वर चढ."

"वर बी नाय."

"मग काय, तिथंच पानटपरी टाकतोस का?"

खालची पोरं फिदीफिदी हसली. ओंकारचे पाय शिलाई मशीनसारखे लटलटत होते. मी पोरांना गप्प केलं आणि म्हटलं, "बरं, चढणं बिढणं राहू दे. डावा पाय एक वीतभर वर घे. बाकी काय मागत नाय मी."

"वीत लई झाली, मॅडम."

"मग चार बोटं."

"दोन."

"तीन. बोल, पटतंय का?"

तीन बोटं सरकला. मग उजवा हात चार बोटं. पंधरा मिनिटं आमचा सौदा चालला आणि शेवटी तो माथ्याची कडी वाजवून खाली आला. उतरल्यावर म्हणतो कसा, "मी घाबरलो नव्हतो, मॅडम. दम खात होतो." मी म्हटलं, "मी कुठं काय म्हटलं?"

अशी माझी विद्या सगळीकडे चालत होती. म्हणूनच मला वाटत राहिलं की ती कुठंही चालते.

आफरीन नववीत आमच्याकडे आली. हडकुळी, वर्गात हजेरीपुरता आवाज. सगळी मुलं भिंतीकडे पळत जायची, ही चार पावलं मागं थांबली. वर बघत हवेत हात हलवत होती. आधी उजवा, मग डावा, मग पुन्हा डावा.

"काय करतेस गं?"

"वाचतेय, मॅडम."

मुरलेले चढणारे हेच करतात. खालूनच वाट वाचून घेतात. पण ते शिकायला वर्ष जातं आणि हिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं "दोर?" विचारलं, "धरला" ऐकलं आणि गेली. मी पुष्कळ चढणारे बघितलेत. चांगल्या चढणाऱ्याचा पाय वाजत नाही. आफरीन चढायची तेव्हा त्या प्लायवूडचा आवाजच यायचा नाही, फक्त वरच्या कडीतून दोर सरकल्याची खस्स. तिसऱ्या आठवड्यात तिनं साबणावर पाय ठेवला आणि त्यावर उभी राहिली.

खाली आल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ठीक. अजून कच्चं आहे."

माझी तीच रीत. कौतुक मी कधी पुरं मोजून देत नसे. पोरं फुगतात आणि मग ढिली पडतात, असं माझं मत. आफरीन मान हलवायची आणि पुन्हा चढायची. वर्षभर मी तिला "कच्चं आहे" एवढंच सांगत राहिले आणि घरी जाऊन नवऱ्याला सांगायचे की असा पाय मी आजवर बघितला नाही.

विभागाची निवड चाचणी झाली. मुलींत आफरीन पहिली आली. आता राज्याची स्पर्धा, पुण्याला, तीन दिवस. तिला तिथं न्यायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. एका साध्या शाळेच्या मागच्या मैदानातली, दगड ठोकून केलेली भिंत, आणि तिच्यावर शिकलेली पोरगी पुण्याच्या भिंतीवर. माझे तास मागणाऱ्या सगळ्यांना मला ते दाखवायचं होतं. खरं सांगायचं तर त्यांनाही नाही. मला स्वतःला ते बघायचं होतं. तिनं तिथं चार पावलं मागं उभं राहून ती मोठी भिंत वाचलेली मला बघायची होती.

त्यासाठी घरच्यांची परवानगी हवी. तिचे वडील, सलीमभाई, वाळूजला एका कंपनीत कामाला होते. मी मनाशी धरून चालले की हा माणूस पोरीला पुण्याला पाठवणार नाही. हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. आफरीननं एका शब्दानं सुचवलं नव्हतं. माझ्याच डोक्यातलं ते. आणि अडून बसणाऱ्याशी कसं बोलायचं, हे मला यार्डानं शिकवलेलं होतं.

त्यांच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी गेले. दोन खोल्यांचं घर, पडद्यापलीकडे कुणीतरी खोकत होतं. सलीमभाईंनी खुर्ची पुसून दिली, स्वतः चटईवर बसले. चहा आला. आफरीन पडद्याला धरून उभी.

"ये घर में आपकीच बातें करती," ते हसून म्हणाले. "मॅडम ने ये बोले, मॅडम ने वो बोले."

"पोरगी बरी आहे," मी म्हटलं. "पुण्याचं कानावर आलंच असेल. पण तिथली भिंत आपल्यापेक्षा दुपटीनं उंच. त्या भिंतीची सवय पाहिजे. महिनाभर आधी तिला पुण्यात सरावाला ठेवावं लागेल. राहायची सोय मी बघते."

"महीना?"

"पुरा महिना."

त्यांनी कप खाली ठेवला. पडद्याकडे बघितलं. मी आतून तयार होते. आता हे म्हणणार, महिना कसा जमेल, आठ दिवस घ्या. मग मी म्हणणार, आठ दिवसांत काय होतंय. आणि शेवटी स्पर्धेच्या तीन दिवसांवर मी उपकार केल्यासारखी उठणार.

"महीना तो नै होता, मॅडम."

मी पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. यार्डात "नाही" नंतर एक वाक्य असतंच. इथं ते आलं नाही.

"पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, सलीमभाई."

"समझता मैं. पर नै होता. माफ करो."

मी उठले. "ठीक आहे. मग राहू द्या." आणि गल्लीतून चालायला लागले, सावकाश. बेकरी गेली, सायकलचं दुकान गेलं. गल्लीच्या तोंडाशी थांबून मी चपलेचा पट्टा नीट केला, जो मुळात नीटच होता. मागून हाक आली नाही.

मी संतापले. दुसऱ्या दिवशी मैदानावर सगळ्यांसमोर म्हणाले, "ज्यांच्या घरच्यांना पोरी पाठवायच्या नाहीत, त्यांनी भिंतीला हात लावून माझा वेळ घालवू नये."

आफरीन तेव्हा पट्टा बांधत होती. तिनं तो सोडला, दोन्ही बंद सारखे केले, घडी घालून चटईवर ठेवला आणि पायऱ्यांवर जाऊन बसली. त्यानंतर नववीत, आणि पुढं दहावीच्या साध्या पी.टी.च्या तासालाही, ती तिथंच पुस्तक उघडून बसायची. मी बोलवायची वाट ती बघत होती का, मला माहीत नाही. ती येऊन विचारेल याची वाट मात्र मी बघत होते. ती आली नाही आणि मी वळले नाही.

पुण्याला मी दोन मुलांना घेऊन गेले. ती दोघंही पहिल्याच फेरीत बाहेर पडली. मला परतता आलं असतं. पण तीनही दिवस मी मुलींच्या भिंतीसमोर बसून राहिले, शेवटची मुलगी उतरेपर्यंत. घरी निघताना मुलं म्हणाली, "मॅडम, आपलं तर कुणीच नव्हतं, मग तुम्ही काय बघत होता?" मी त्यांच्यावर खेकसले.

पुढची काही वर्षं भिंत राहिली. मग शाळेची समिती बदलली. एका मे महिन्याच्या सुट्टीत भिंत उतरवली. जून उजाडला तेव्हा मागचं मैदान मोकळं होतं आणि माझं प्लायवूड स्नेहसंमेलनाच्या स्टेजखाली ठोकलेलं होतं. मला कुणी विचारलं नाही. मी ऑफिसात जाऊन जे बोलले ते इथं छापता येणार नाही. बोल्टची भोकं असलेल्या त्या फळ्यांवर पोरी लावणी नाचल्या आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या नाहीत. निवृत्तीच्या समारंभात सगळ्यांनी माझ्या कडक शिस्तीबद्दल भाषणं केली. भिंतीचं नाव एकानंही काढलं नाही.

आता घरी असते. दुपारी चारच्या सुमाराला, शेवटच्या दोन तासांच्या वेळेला, अजून अंग आपोआप उठतं. हाताला लावायच्या पांढऱ्या पावडरीचे पंजे पोरांच्या बाकांवर, दारांवर, एकमेकांच्या पाठीवर उमटलेले असायचे, आणि बाकीचे शिक्षक तक्रार घेऊन यायचे, "मॅडम, तुमच्या पोरांनी वर्ग चुन्यानं रंगवलाय." त्या तक्रारीची मला आठवण येते. वरच्या कडीतून दोर सरकायचा, त्या आवाजाची तर इतकी येते की कुणी पडद्याची दोरी ओढली तरी मी वळून बघते.

गेल्या हिवाळ्यात साखर तपासायला एका लॅबमध्ये गेले. मास्क लावलेल्या मुलीनं दंडाला रबर बांधलं. "मूठ आवळा. अजून घट्ट." शीर एका बोटात सापडली, सुई कळलीसुद्धा नाही. मग ती म्हणाली, "मॅडम, शिट्टी आणली नाही का आज?"

मास्क खाली केला. आफरीन.

मी विचारलं, "घरी कसे आहेत सगळे?"

"बरे आहेत. अब्बा रिटायर झाले. तुमची आठवण काढतात."

"माझी?"

"हो. या ना एकदा. अम्मीलाही बरं वाटेल."

तो "आठवण काढतात" शब्द मला बोचला. ज्यानं माझं एवढं एक मागणं मोडलं तो माझी आठवण काय म्हणून काढतो? अकरा वर्षं मी त्या माणसावर राग धरून होते. रविवारी मी गेले ते खरं तर भांडायलाच.

घर तेच. सलीमभाईंची दाढी पांढरी झाली होती. या वेळी ते खुर्चीवर बसले, कारण गुडघे वळत नव्हते. चहाचा पहिला घोट घेतला आणि मी विचारलंच.

"सलीमभाई, राग मानू नका. त्या वर्षी पोरीला का नाही पाठवलंत?"

त्यांना खरोखर नवल वाटलं. "आप महीना बोले थे ना, मॅडम."

"हो, बोलले होते."

"उसी महीने में इसकी अम्मी का ऑपरेशन था. छोटे दोनों को येइच देखती थी. महीना कैसे भेजता? तीन-चार दिन का तो मैं बंदोबस्त कर लिया था. मेरी बहन आनेवाली थी खुलताबाद से. कंपनी में चार दिन की छुट्टी भी डाल दिया था. मैं खुद लेके जानेवाला था पुना. फिर आप आए, आप बोले महीना."

मी कप खाली ठेवला.

"मला तीनच दिवस हवे होते," मी म्हटलं.

"तो महीना कायकू बोले?"

"आमच्याकडे तसंच बोलतात. आधी जास्त मागायचं. मला वाटलं, तुम्ही कमी करून सांगाल."

त्यांनी बशीतला कप उगाच फिरवला. रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं, रागाचं काय करायचं ते मला येतं.

"हम समझे, टीचर हैं," ते म्हणाले. "टीचर की बात में क्या कम-ज़्यादा करना."

"एकदा विचारायचं तरी होतं," मी म्हटलं. आवाज चढला होता. हे अजूनही माझं म्हणणं आहे. एका शब्दानं विचारायचं होतं.

"आप उठके चले गए ना," ते म्हणाले. "लेडीज टीचर को गल्ली में पीछे से आवाज़ कैसे देना? अच्छा नै दिखता."

आफरीन बिस्किटांची बशी घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मॅडम, मला वेगळंच वाटलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, मी कच्ची आहे म्हणून तुम्ही महिना म्हणालात. महिनाभर घासल्याशिवाय ही तिथं नेण्यालायक नाही, असं. मग मी म्हटलं, कशाला त्यांचा वेळ घालवायचा."

माझेच शब्द होते ते, मैदानावरचे. तिनं ते टोमण्यानं म्हटले नव्हते. इतकी वर्षं खरे मानले होते, म्हणून आले.

"तू कच्ची नव्हतीस गं," मी म्हटलं. "दिवाळीच्या आधीपासून नव्हतीस."

"मग कितवी आले असते?"

पहिली. शब्द जिभेवर आला होता. एवढ्या नुकसानीवर एवढं तरी द्यावं असं कुणालाही वाटेल. पण पुण्यात त्या भिंतीसमोर मी तीन दिवस दुसरं काय केलं होतं? चढणाऱ्या प्रत्येक मुलीशेजारी मी आफरीनला उभी करत होते. ही हिच्या पुढं, ही हिच्या मागं. शेवटची मुलगी उतरली तेव्हा मला आकडा माहीत होता. तो मी कुणालाच सांगितला नव्हता.

"पाचवी," मी म्हटलं. "वरच्या चौघी तुझ्यापेक्षा चांगल्या होत्या. त्यातल्या दोघी तर फारच. जी पाचवी आली ती वरच्या उतरत्या होल्डला घसरली. तिथं तू घसरली नसतीस. पण त्यापुढं माथ्याजवळ तुझे हात थकले असते. पाचवी आली असतीस."

मला वाटलं, तिचा चेहरा उतरेल. तिनं बशी खाली ठेवली. माझ्याकडे नीट बघितलं, मी खोटं बोलत असेन तर कळावं म्हणून.

"पाचवी? पुऱ्या राज्यात?"

"पुऱ्या राज्यात."

सलीमभाई पुढं वाकले. त्यांनी विचारलं, "चौथी नै होती क्या, मॅडम?"

"नाही," मी म्हटलं. "पाचवीच."

"बराबर," ते म्हणाले. "पाँचवीं."

आतून आईनं विचारलं, काय चाललंय एवढं. आफरीन पडदा सारून आत धावली. तिचा आवाज मी शाळेत कधी एवढा मोठा ऐकला नव्हता.

"अम्मी, मैं पाँचवीं आयी!"